लॉगिन आपल्या हातात: बारावीनंतर कॉलेज शोधण्यापासून फी भरेपर्यंत

माझ्या धाकट्या भावाची इंजिनिअरिंगची एक फेरी केवळ मोबाइल नंबरामुळे हातची गेली. फॉर्म भरला होता तालुक्याच्या एका दुकानात. दुकानदार भला माणूस, पण समोर गर्दी होती आणि घाईत त्याने नोंदणीला स्वतःचाच नंबर आणि स्वतःचाच ईमेल टाकला. भावाला जागा लागली. ती मान्य करायला लॉगिन करावं लागतं. पासवर्ड कुणालाच आठवेना, ओटीपी जायचा दुकानदाराच्या फोनवर, आणि तो नेमका त्या दोन दिवसांत लग्नाला परगावी. मुदत संपली. पुढच्या फेरीत कॉलेज मिळालं, पण हवी ती शाखा मिळाली नाही.

आता मी स्वतः एका कॉलेजच्या कार्यालयात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. जून ते ऑक्टोबर समोरची रांग हटत नाही. हिंगोली, परभणी, नांदेडकडची लेकरं असतात, सोबत बाप किंवा मामा, हातात प्लॅस्टिकची फाइल. रांगेतली बहुतेक अडचण अशीच असते: फॉर्म मुलाचा, पण लॉगिन दुसऱ्याच कुणाचं. म्हणून ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजला निघालंय, त्यांच्यासाठी हे क्रमाने लिहिते आहे.

आधी नंबर आणि ईमेल

बारावीचं वर्ष सुरू झालं की विद्यार्थ्याच्या स्वतःच्या वापरात एक सिम ठेवा, पुढची चार-पाच वर्षं बंद न पडणारं. रिचार्ज न केलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याला देते, मग तुमचे ओटीपी अनोळखी माणसाकडे जायला लागतात. ईमेल स्वतःचा काढा, त्यात पूर्ण नाव असू द्या. सीईटी (प्रवेश परीक्षा), कॅप (निकालानंतरची प्रवेशाची नोंदणी), महाडीबीटी (शिष्यवृत्तीचं सरकारी पोर्टल), बँक, सगळीकडे हाच नंबर आणि हाच ईमेल. एका वहीत प्रत्येक संकेतस्थळाला एक पान द्या: नाव, अर्ज क्रमांक, यूजर आयडी, पासवर्ड, तारीख. वही घरातच ठेवा.

दुकानात किंवा सेवा केंद्रात जाऊन फॉर्म भरायला काहीच हरकत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकांकडे लॅपटॉप नाही, गावात दुपारी वीज नसते. पण शेजारी बसा. नंबर टाकताना पडद्यावर स्वतःच्या डोळ्याने पाहा, पासवर्ड स्वतः टाका, आणि उठण्यापूर्वी लॉगआउट झालंय याची खात्री करा.

विद्यार्थ्याच्या आधारला हाच नंबर जोडून घ्या. आधार केंद्रावर स्वतः गेलं की बोटांचे ठसे घेऊन नंबर जोडून देतात. हे काम जूनमध्ये करायला गेलात तर रांगेत दिवस जातो, डिसेंबरात गेलात तर तासाभरात मोकळे.

ऊसतोडीच्या घरांनी याकडे जास्तच लक्ष द्यावं. दसरा झाला की आपल्याकडची, विशेषतः बीडकडची, घरंच्या घरं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. फोन बापासोबत, आधारचा ओटीपी त्या फोनवर. एका हिवाळ्यात एका मुलीने माझ्या टेबलापाशी उभं राहून वडिलांना अकरा वेळा फोन लावला. ते फडात मोळ्या वाहत होते, फोन कोपीत. बाराव्यांदा उचलला, वडिलांनी एकेक आकडा अडखळत वाचून दाखवला, तोवर ओटीपीची वेळ सरली होती. दुसरा मागवला तर साइटच बसली. ती मुलगी तीन दिवस येत राहिली. गाडी निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या आत, आई-बापाच्या सहीचे आणि ओटीपीचे कागद करून ठेवले असते तर हे टळलं असतं.

कागद, आणि त्यांना लागणारा वेळ

साइटवर फॉर्म भरायला एक दुपार पुरते. खरा वेळ जातो तो तहसीलमध्ये. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत कागदावर १५ दिवसांची आहे, पण निकाल लागला की अख्खा तालुका एकाच आठवड्यात अर्ज टाकतो.

लागणारे दाखले असे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा. वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचं प्रमाणपत्र, ज्याला सगळे डोमिसाईल म्हणतात. जातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी, म्हणजे व्हॅलिडिटी. ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना नॉन-क्रिमिलेअर. आरक्षणात न येणाऱ्या आणि कमी उत्पन्नाच्या घरांना ईडब्ल्यूएस. व्हॅलिडिटी सोडून बाकीच्यांचे अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून करता येतात. तलाठ्याचा, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचा उत्पन्नाचा अहवाल मात्र लागतो, तेव्हा त्यांना आधीच भेटा. प्रतिज्ञापत्रासाठी कुणी ५०० रुपयांचा मुद्रांक आणायला सांगितला तर आणू नका. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांकाची गरज नाही, साध्या कागदावर चालतं, असा निर्णय सरकारने मार्च २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

नॉन-क्रिमिलेअरवरची तारीख वाचा. ते आर्थिक वर्षाला बांधलेलं असतं. यंदाच्या ३१ मार्चला संपलेलं प्रमाणपत्र जुलैच्या प्रवेशाला चालत नाही, पुढच्या ३१ मार्चपर्यंतचं लागतं.

व्हॅलिडिटीवर थोडं थांबते, कारण मराठवाड्यात हा कागद सगळ्यात जास्त अडतो. जात पडताळणी समितीला ठरावीक तारखेच्या आधीचा, घराण्यातला जातीचा पुरावा हवा असतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या शाळेचं किंवा महसुलाचं जुनं दप्तर उर्दूत सापडतं, कधी मोडीत. ते आधी शोधायचं, नक्कल काढायची, मग जाणकाराकडून मराठीत करून घ्यायचं. यात महिने जातात. आजोबा ज्या शाळेत पहिलीला होते तिथून प्रवेश-निर्गम उतारा मागा, बऱ्याचदा तोच कामी येतो. वडिलांची, सख्ख्या भावाची किंवा चुलत्याची व्हॅलिडिटी झालेली असेल तर ती आणि वंशावळ सोबत जोडा, काम पुष्कळ हलकं होतं. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत हा अर्ज टाकता येतो. थांबू नका. प्रवेशाच्या वेळी व्हॅलिडिटी नसेल तर अर्ज केल्याची पावती तात्पुरती चालते, पण त्या वर्षीच्या नियमात दिलेल्या मुदतीत मूळ कागद आला नाही तर तुमची गणना खुल्या प्रवर्गात होते.

दुसरी मोठी अडचण नावाची. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, बँकेत वडिलांचं नाव नुसत्या एका अक्षरात, आणि टीसीवर इंग्रजी स्पेलिंगच वेगळं. क्रम उलटा असणं फारसं नडत नाही, पण स्पेलिंग नडतं. दहावीचं गुणपत्रक आधार धरा आणि बाकीचं सगळं त्याप्रमाणे करून घ्या. गुणपत्रकातच चूक असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे अर्ज करावा लागतो. नांदेड, लातूर, धाराशिवचं काम लातूर विभागीय मंडळाकडे, बाकी पाच जिल्ह्यांचं छत्रपती संभाजीनगरला.

जिल्ह्याचं नाव निवडतानाही पोरं गोंधळतात. यादीत ‘औरंगाबाद’ किंवा ‘उस्मानाबाद’ दिसलं नाही तर ‘छत्रपती संभाजीनगर’, ‘धाराशिव’ पाहा, काही साइटवर उलटंही असतं. जुन्या दाखल्यावर जुनं नाव आहे म्हणून दाखला बाद होत नाही.

स्कॅन करताना कागद ओसरीत, उजेडात, सपाट पाटावर ठेवा. फोनमधलं स्कॅनचं अॅप वापरा, नुसता फोटो नको. त्यात बोटं येतात, सावली येते आणि पडताळणीत अर्ज परत येतो. प्रत्येक साइटची फाइलच्या आकाराची मर्यादा वेगळी असते, महाडीबीटीवर ती २५६ केबी आहे. फाइलला इंग्रजी अक्षरांत सरळ नाव द्या, ‘इन्कम’, ‘कास्ट’, ‘डोमिसाईल’. गुणपत्रकं डिजिलॉकरमध्येही मिळतात, ती उतरवून ठेवा.

कॉलेज शोधायचं कसं

जाहिरातीवर, बसस्टँडवरच्या फलकावर किंवा गावातल्या ‘अॅडमिशन करून देतो’ म्हणणाऱ्यावर जाऊ नका. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी, बीएड, विधी अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतात. तिचा पत्ता ‘सीईटीसेल डॉट महासीईटी डॉट ओआरजी’. गुगलवर शोधलं की सगळ्यात वर ‘प्रायोजित’ लिहिलेल्या साइट येतात. त्या खाजगी क्लासच्या किंवा दलालांच्या असतात, आणि तिथे नंबर टाकला की दिवसभर फोन सुरू. पत्ता नेहमी शेवटाकडून वाचा: शेवटी काय आहे आणि त्याच्या लगेच आधी काय आहे. आधीचे शब्द कुणीही हवे तसे लावू शकतो.

सीईटी सेलच्या साइटवर मागच्या वर्षीच्या प्रत्येक फेरीचा कटऑफ पीडीएफमध्ये मिळतो. माझ्या मते इंजिनिअरिंगच्या मुलासाठी यापेक्षा मोलाचा कागद नाही, आणि तो फुकट आहे. फक्त तो वाचता यायला हवा. प्रत्येक शाखेखाली ‘जीओपनएच’, ‘एलओबीसीएच’, ‘जीएससीओ’ अशी अक्षरं असतात. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटचं अक्षर ‘एच’ म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ‘ओ’ म्हणजे त्या विद्यापीठाबाहेरच्यांसाठी, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. खाली दोन आकडे: वर गुणवत्ता क्रमांक, कंसात पर्सेंटाइल. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ८५ पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेल्या शंभरातले ८५ जण तुमच्या बरोबरीने किंवा मागे.

होम युनिव्हर्सिटीचं नीट समजून घ्या. इंजिनिअरिंगला विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी ७० टक्के आणि बाहेरच्यांसाठी ३० टक्के अशी वाटणी असते, आणि तुमचं क्षेत्र ठरतं बारावी जिथून झाली त्यावर. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचं क्षेत्र, तर नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचं. केजचा मुलगा लातूरला राहून बारावी झाला तर त्याचं क्षेत्र लातूरचं धरतात, घर बीड जिल्ह्यात असलं तरी. आपल्या भागातली कित्येक मुलं लातूरला किंवा पुण्याला बारावीला जातात, त्यांनी कटऑफ वाचताना ‘एच’चा रकाना पाहायचा की ‘ओ’चा, हे आधी ठरवावं. एमबीबीएसला मात्र ही ७०:३० ची पद्धत २०२० मध्ये रद्द झाली, तिथे राज्याची यादी एकच.

याच कटऑफमध्ये ‘टीएफडब्ल्यूएस’ नावाची ओळ दिसेल. या ५ टक्के जादा जागा असतात, त्यांना शिक्षण शुल्क पूर्ण माफ. घराचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं, जातीची अट नाही. या जागेचा पर्याय क्रमांक वेगळा असतो, तो फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. शाखेचा साधा क्रमांक भरला म्हणून ही जागा आपोआप मिळत नाही. चांगल्या गुणांची गरीब घरची पोरं दरवर्षी इथेच चुकतात, आणि ते पाहून जिवाला लागतं.

खाजगी कॉलेजची फी कॉलेजला विचारण्याआधी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर पाहा. विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची त्या वर्षाची मंजूर फी तिथे कॉलेजनिहाय असते. त्याहून जास्त घेता येत नाही, आणि देणगी घेणं तर महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. फीचा तो कागद छापून फाइलीत ठेवा.

कॉलेज पाहताना जवळचंही पाहा. नांदेडची श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, परभणीचं कृषी विद्यापीठ, जालन्याचा आयसीटीचा, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्थेचा परिसर, हे सगळं आपल्याच अंगणात आहे. पुण्याच्या एखाद्या नव्या खाजगी कॉलेजची फी, खोली आणि मेस यांचा हिशेब मांडला की घरच्यांचाही विचार बदलतो. नॅकची दर्जाची श्रेणी, एनआयआरएफची देशपातळीवरची क्रमवारी आणि एआयसीटीईची, म्हणजे तांत्रिक शिक्षण परिषदेची मान्यता ऑनलाइन दिसते, पण मी एक जास्तीचं सांगते: त्या कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या तालुक्याच्या मुलाला फोन करा आणि विचारा, प्रॅक्टिकल होतात का, शिक्षक टिकतात का, बस किती वाजता असते.

बीए, बीकॉम, बीएस्सीचे प्रवेश बहुतेक ठिकाणी बारावीच्या गुणांवर, कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या साइटवर होतात. तिथे गुंता कमी आहे. बीसीए, बीबीएला मात्र २०२४ पासून सीईटी आली आहे, हे पुष्कळांना निकालानंतर कळतं.

सीईटीचा फॉर्म वेगळा, कॅपचा वेगळा

हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. हिवाळ्यात भरतो तो परीक्षेचा अर्ज. निकालानंतर प्रवेशाची नोंदणी पुन्हा करावी लागते, तिला कॅप म्हणतात. परीक्षा दिली म्हणून प्रवेशाच्या यादीत नाव येत नाही.

कॅपमध्ये आधी नोंदणी आणि शुल्क, मग कागद चढवणं. पडताळणी घरबसल्या ई-स्क्रूटिनीने करून घ्या किंवा सुविधा केंद्रावर जाऊन. इंटरनेट रडत-रडत चालणाऱ्या गावच्या मुलांनी केंद्रावर जावं असं मी सांगेन, कारण कागदात खोट निघाली तर तिथल्या तिथे कळते. ई-स्क्रूटिनी निवडली तर रोज सकाळ-संध्याकाळ लॉगिन करून अर्ज परत तर आला नाही ना, ते पाहा. मग तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. त्यात नाव, प्रवर्ग, गुण, होम युनिव्हर्सिटी, सगळं बोट ठेवून वाचा. चूक असेल तर तक्रारीला दोन-तीन दिवस मिळतात, अंतिम यादीनंतर कुणी ऐकत नाही.

मग पसंतीक्रम. इथे दोन तास द्या, घरच्यांना सोबत घ्या. आधी कागदावर क्रम लिहा: मनापासून हवं ते वर, त्याखाली जमेल ते, शेवटी नक्की लागेल असं. गुण कमी आहेत म्हणून हवं ते कॉलेज खाली ढकलू नका. वर लिहिल्याने नुकसान होत नाही, ते नाही मिळालं तर यंत्रणा खालचं पाहते. उलट नको असलेलं काही वर लिहिलंत तर अडकाल. इंजिनिअरिंगला २०२५-२६ मध्ये चार फेऱ्या ठेवल्या. त्यात पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा लागला, तर तीच जागा पक्की धरली गेली आणि पुढच्या फेऱ्या बंद झाल्या. तुमच्या वर्षीचा नियम माहितीपुस्तिकेत वाचून घ्या. शेजारच्या पोराने मागच्या वर्षी काय केलं होतं त्यावर जाऊ नका.

क्रम लावून झाला की फॉर्म ‘कन्फर्म’ करायला विसरू नका. नुसता सेव्ह केलेला फॉर्म फेरीत धरत नाहीत.

जागा लागली की लॉगिन करून ती मान्य करायची, जागा स्वीकृतीचं शुल्क भरायचं. हवी ती असेल तर ‘फ्रीझ’, वरचं पाहायचं असेल तर ‘बेटरमेंट’. फ्रीझ केल्यावर कॉलेजात जाऊन मूळ कागद दाखवून प्रवेश निश्चित करायचा, तोही दिलेल्या तारखेच्या आत. पावती आणि ऑनलाइन नोंद झाल्याचं पत्र घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

फीचे पैसे

आपल्याकडे फीची तारीख आणि पिकाची तारीख कधीच जुळत नाही. फी मागतात जुलै-ऑगस्टात, तेव्हा घरातला पैसा पेरणीत आणि खतात गेलेला असतो. सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीला, कापसाचे पैसे त्याहून उशिरा. मधल्या तीन महिन्यांसाठी माणसं सावकाराकडे जातात. त्याआधी पुढचं पाहा.

महाडीबीटीवर राज्याच्या जवळजवळ सगळ्या शिष्यवृत्त्या आहेत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, उत्पन्न अडीच लाखांच्या आत. त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शुल्कमाफी. खुल्या प्रवर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, मर्यादा ८ लाख. वसतिगृहासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे: ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलीने कॅपमधून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के सरकार देतं. हा निर्णय छापून बापाच्या खिशात द्या. मुलीला जवळच्या डीएडला घालू, इंजिनिअरिंगची फी कुठून आणणार, असं म्हणणारे वडील हा कागद वाचून गप्प झालेले मी पाहिले आहेत. मेस, खोली, विकास शुल्क यात धरत नाहीत, तो खर्च वेगळा मांडा.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: शाहू महाराज योजना असो की मुलींची माफी, प्रवेश कॅपमधून झालेला लागतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की हे सगळं हातचं जातं. ‘आत्ता लगेच जागा देतो’ म्हणणारा माणूस हे सांगत नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्याला सरकारी वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना आहे, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी तशीच सावित्रीबाई फुले आधार योजना. वसतिगृहाचा अर्जही आता ऑनलाइनच असतो, प्रवेश झाला की त्याच आठवड्यात टाका. केंद्राच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर बारावीत वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये आलेल्यांना वर्षाला १२,००० रुपये मिळतात, उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं. पदविका आणि पदवीच्या तांत्रिक शिक्षणाला गेलेल्या मुलींसाठी एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,०००. एकाच वेळी दोन शिष्यवृत्त्या चालतात का, हे अर्जाआधी दोन्हीकडे वाचा.

महाडीबीटीचा अर्ज भरला की तो आधी आमच्यासारख्या कॉलेजच्या टेबलावर येतो, मग खात्याकडे जातो. कागद धूसर असला, उत्पन्नाचा दाखला जुना असला तर तो परत पाठवावा लागतो. विद्यार्थ्याला वाटतं अर्ज गेला, आणि तो महिनाभर त्याच्याच लॉगिनमध्ये दुरुस्तीची वाट पाहत पडून असतो. आठवड्यातून एकदा, बाजारच्या दिवशी म्हणा, लॉगिन उघडून स्थिती बघा.

पैसे येतात ते आधारला जोडलेल्या खात्यात. फॉर्ममध्ये तुम्ही कुठला खाते क्रमांक लिहिला त्याला फारसं महत्त्व नाही. दोन-तीन बँकांत खाती असतील तर आधार सगळ्यात शेवटी ज्या बँकेशी जोडलं तिथे पैसे पडतात. एक मुलगा सहा महिने म्हणत होता की शिष्यवृत्ती आलीच नाही. आधारच्या साइटवर बँक सीडिंग पाहिलं, तर पोस्टमनने घरी येऊन उघडून दिलेलं पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं जोडलेलं. पैसे तिथे सुखरूप पडून होते. तेव्हा आधीच हे तपासा, आणि नको ती बँक असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन एनपीसीआय लिंकचा, म्हणजे आधार त्या खात्याला जोडण्याचा फॉर्म भरा.

शिष्यवृत्तीनंतरही कमी पडलं तर बँकेचं शैक्षणिक कर्ज. ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, आई किंवा वडील सहकर्जदार असले की पुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आणि ८ लाखांच्या आतल्या कुटुंबाला १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत. तुमचं कॉलेज त्या यादीत आहे का ते पोर्टलवर पाहा, अर्जही तिथूनच. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. शाखेत ‘नंतर या’ म्हणाले तर ऑनलाइन अर्जाचा क्रमांक दाखवा, लेखी उत्तर मागा.

प्रत्यक्ष भरणा

फी फक्त साइटच्या आतल्या पेमेंटच्या पानावरून किंवा कॉलेजच्या नावाच्या खात्यातच भरा. कुणाच्या फोनवरचा क्यूआर, कुणाचं वैयक्तिक खातं, नाहीच.

यूपीआयचं अॅप शेवटच्या दिवशी नव्याने टाकू नका. नव्या नोंदणीला पहिले २४ तास ५,००० रुपयांचीच मर्यादा असते. वडिलांचं खातं जिल्हा मध्यवर्ती बँकेत असेल तर त्यातून ऑनलाइन पैसे जातात का, हे महिनाभर आधी पाहून घ्या. नसेल जात तर मामा-काकांपैकी कुणाचं खातं वापरायचं ते ठरवून ठेवा.

‘पैसे कट झाले आणि पावती आली नाही’ हे रोजचं आहे. घाबरून लगेच दुसऱ्यांदा भरू नका. खात्याच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक वहीत लिहा, पडद्याचा फोटो काढा, तासाभराने लॉगिन करून स्थिती पाहा. दुकानदाराला किंवा संस्थेला केलेला यूपीआय व्यवहार फसला तर पैसे पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुदत त्याच दिवशी संपत असेल तर मात्र दुसऱ्यांदा भरा आणि पहिल्याची तक्रार लावा. म्हणूनच मी सगळ्यांना मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख सांगते. फसवणूक झालीच तर त्याच तासात १९३० वर फोन करा, जितका लवकर तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

पावती पीडीएफमध्ये स्वतःला ईमेल करा आणि एक प्रत छापा. मूळ गुणपत्रकं दाखवून परत घ्यायची. कॉलेजला ती अडकवून ठेवता येत नाहीत, यूजीसीने तसं स्पष्ट सांगितलं आहे. टीसी जमा करावी लागते, ती देण्यापूर्वी तिच्या दहा झेरॉक्स काढा.

दुसऱ्या वर्षी महाडीबीटीवर नवा अर्ज नसतो, ‘रिन्यूअल’ असतं. लॉगिन तेच, पासवर्ड वहीतला. पहिल्या वर्षाचं गुणपत्रक लागेल आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली असेल तर नवा दाखला. तो काढायला उन्हाळ्याच्या सुट्टीत, पेरणीच्या आधी, तहसीलला जा.